साडेचार लाखांचं डेकोरेशन आणि मोडायला निघालेली एफडी

प्रश्न: मुलीचं लग्न डिसेंबरात, फोंड्याजवळच्या हॉलमध्ये. एकूण खर्च 15 लाखांत बसवायचाय. डेकोरेशन डिझायनरचं कोटेशन 4.5 लाख अधिक जीएसटी, निम्मे आगाऊ. त्यात 'मूडबोर्डप्रमाणे थीम, फ्लोरल बॅकड्रॉप, सेंटरपीस, अ‍ॅम्बियंट लायटिंग' एवढंच लिहिलंय. फेब्रुवारीत पिकणारी 6 लाखांची तीन वर्षांची एफडी मोडू का?

उत्तर: एफडी मोडू नका, आणि या कागदावर आगाऊही देऊ नका. 18 टक्के जीएसटी धरून आकडा 5,31,000 होतो. बजेटचा तिसरा हिस्सा त्यातच संपतो, आणि बदल्यात काय मिळणार ते कुठेच लिहिलेलं नाही.

मूडबोर्ड म्हणजे इतरांच्या लग्नांतले फोटो. त्याने रंग ठरतात, माल ठरत नाही. तुमच्याच हॉलच्या स्टेजचं एलिव्हेशन मागा, म्हणजे समोरून दिसणारं, फुटांची मापं घातलेलं चित्र.

खरा पैसा बॅकड्रॉपमध्ये, म्हणजे स्टेजच्या मागच्या सजवलेल्या पडद्यात जातो. समजा तो 24 बाय 10 फूट, म्हणजे 240 चौरस फूट. सगळा ताज्या फुलांनी भरलेला, की कापडाच्या ड्रेपिंगवर कोपऱ्यांत चार झुबके? दोन्हीला 'फ्लोरल बॅकड्रॉप'च म्हणतात, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. किती भाग फुलांचा, त्यात ताजी किती, कापडी किती, हे लिहून घ्या. फुलांची नावंही घ्या. 'प्रीमियम, उपलब्धतेनुसार' या शब्दांत काहीही बसतं. हायड्रेंजिया पाण्याबाहेर मुहूर्तापर्यंत माना टाकतो, ऑर्किड आणि अँथुरियम टिकतात. झेंडू-अबोलीनं मांडव तेवढाच भरतो, हे डिझायनर आपणहून सांगणार नाही.

सेंटरपीस, म्हणजे टेबलाच्या मधली सजावट, किती टेबलांवर, काचेची भांडी भाड्याची का, फुटली तर कोण भरणार? लायटिंगमध्ये पार लाइट (स्टेजवर रंगीत झोत टाकणारे दिवे) किती, जनरेटर नि डिझेल कोणाचं? वाहतूक, रात्रीची मजुरी आणि काढणी धरलीय का? बाहेरचा डेकोरेटर आणल्यास हॉल वेगळे पैसे घेतो का, हे हॉलवाल्यांनाच विचारा.

डिझाइन फी आणि मालाचा खर्च वेगळा मांडायला सांगा. मग स्टेज आणि प्रवेशद्वार ठेवा, टेबलं आणि पॅसेज गाळा. फोटो पहिल्या दोन ठिकाणीच निघतात. माझ्या मते करासकट 3 लाखांवर जाऊ नये, म्हणजे करापूर्वी साधारण 2,54,000.

हे 3 लाखही हातात नसतील तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल. बँका सहसा एफडीच्या दरापेक्षा 1 ते 2 टक्के जास्त आकारतात. तुमचा दर 7 टक्के असेल तर 8.5 टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज साधारण 6,400 रुपये. मोडल्यास बहुतेक बँका दर 1 टक्क्यापर्यंत कापतात, तोही ठेवल्या दिवसापासून. 6 लाखांवर जवळपास तीन वर्षांचं ते नुकसान 17,000 च्या घरात जातं.

आगाऊ निम्मे नकोत: 25 टक्के सही करताना, 50 टक्के आठवडाभर आधी, उरलेले मांडणी एलिव्हेशनशी ताडून पाहिल्यावर. ताडायला घरचा एक माणूस आदल्या रात्री टेप घेऊन हॉलवर ठेवा.