फिश टँकला एक एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र दगड) पुरतो, मग मोठ्या टाकीत मोठा पंप लावूनही कडेला घाण का साचते?

२ फुटी टँकमध्ये मस्त चालतं आणि ४ मीटर व्यासाच्या ताडपत्रीच्या टाकीत मधोमध एकच मोठा स्टोन सोडलाय तर कडेला गाळ बसतो, हे तुम्ही म्हणताय ते तसंच होणार, पंप बदलू नका.

पाणी फिरवतात ते बुडबुडे नव्हे, बुडबुड्यांमागे ओढलं गेलेलं पाणी. सुटा बुडबुडा सेकंदाला साधारण २०-३० सेंटिमीटर चढतो, पण शेकडो एकदम सुटले की आजूबाजूचं पाणी ओढत नेतात आणि बुडबुडे-पाण्याचा तो खांब वर जाता जाता नरसाळ्यासारखा रुंद होतो. छोट्या टँकमध्ये हे पाणी वर आलं की लगेच काचेला थडकतं, काच धरून खाली उतरतं आणि परत स्टोनकडे येतं, आणि हे परतणारं पाणीच खांबाला ढकलतं म्हणून तो कधी इकडे कधी तिकडे डुलतो. स्टोन काचेला लागून ठेवला तर त्या बाजूने ओढायला पाणीच नसतं, मग खांब सरळ काचेला चिकटून चढतो.

मी एकदा मासे काढून रिकाम्या टँकमध्ये पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला होता, जांभळी रेघ स्टोनकडे सरकली, बुडबुड्यांसोबत वर गेली, काचेवरून खाली आली, बघता बघता सगळं पाणी गुलाबी. मोठ्या टाकीत तेच केलं तर मधला भाग रंगला पण काठाजवळचा जांभळा डाग कितीतरी वेळ जागचा हलला नाही.

कारण वर आलेलं पाणी चहूबाजूंनी पसरतं आणि जितकं लांब जाईल तितक्या मोठ्या वर्तुळात वाटलं जातं, म्हणजे काठापर्यंत जोरच उरत नाही. टाकी मीटरभर खोल आणि त्याच्या चौपट रुंद, तिथे एका खांबाचा वळसा कसा पुरणार? हवा वाढवली तर मध्ये उकळी फुटल्यासारखं दिसेल, काठ तसाच.

आणि ऑक्सिजनचं म्हणाल तर फूटभर पाण्यात बुडबुडा सेकंदभरात फुटतो, त्यातून फारसा विरघळत नाही, बराचसा ऑक्सिजन पृष्ठभागावरूनच आत जातो. म्हणून सगळ्या टाकीचं पाणी आलटूनपालटून वर येणं महत्त्वाचं.

तेव्हा तीच हवा ६-८ छोट्या स्टोनमध्ये वाटा, एक मध्ये आणि बाकीचे काठापासून दीड-दोन फूट आत गोलाकार. सगळे एकाच खोलीवर ठेवा, नाहीतर जो वर असेल त्यातूनच सगळी हवा निघून जाते.