शिशाच्या गोळ्या ओतायला सुरुवात करताना

साचा आणि भट्टी विकत घेण्याआधी, घरी गोळ्या ओतण्याची व काडतुसे पुन्हा भरण्याची आपल्याला कायदेशीर मुभा आहे का, हे नीट तपासून घ्यावे. त्यानंतर जागेचा विचार करावा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. मोठा धोका असतो तो वितळलेल्या शिशावरून काढलेल्या मळीच्या बारीक, राखाडी भुकटीचा, जी हातांना, कपड्यांना आणि तिथून जेवणाच्या ताटाला लागते. म्हणून स्वयंपाकघरातील भांडी या कामाला कधीही वापरू नयेत, हवा खेळती ठेवावी, मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिथे फिरकू देऊ नये आणि हात साबणाने धुतल्याखेरीज पाण्याचा पेलाही उचलू नये.

पाण्याबाबत मी कमालीचा आग्रही आहे. ओलसर तुकडा वितळलेल्या शिशात बुडाला, की त्यातील पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेला रस थेट तोंडावर उसळतो. भंगारातील तुकडे नेहमी थंड भांड्यात घालूनच तापवावेत. जाड हातमोजे आणि पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवीच. भंगारात मिळणाऱ्या गाडीच्या चाकांच्या वजनांत (चाकाचा तोल साधण्यासाठी लावलेल्या छोट्या तुकड्यांत) जस्ताचीही वजने मिसळलेली असतात; जस्त ४१९ अंशांना वितळते, त्यामुळे तापमान त्याच्या बरेच खाली ठेवल्यास ती वर तरंगतात व काढून टाकता येतात.

पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा पुरेसा तापलेला नसतो. त्या पुन्हा वितळवाव्यात. गोळीवर पांढुरकी, दवासारखी झाक दिसू लागली, तर साचा जास्त तापला आहे असे समजून ओतण्याचा वेग कमी करावा.