परदेशात लाल रंग वापरताना

शालू, ओटीचे वस्त्र, कपाळावरचे कुंकू, अशा सगळ्या मंगल गोष्टींत लाल रंग आपल्या इतका सवयीचा झालेला असतो की त्याला दुसरा अर्थ असू शकेल हे मनातही येत नाही. परदेशात मात्र शेजारी, सहकारी आणि मुलांचे वर्गमित्र निरनिराळ्या देशांतून आलेले असतात, आणि लाल रंग कोणासाठी, कोणत्या प्रसंगी व कशावर आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. आपला लाल रंग सोडण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या घरी तो नेताना मात्र आधी विचारून घ्यावे.

चिनी कुटुंबातील लग्नाचे निमंत्रण आले, तर ठेवणीतला लाल शालू नेसण्याचा मोह आवरावा. तिथे लाल हा वधूचा रंग असल्यामुळे पाहुणीने तो नेसणे अप्रशस्त समजले जाते. आहेराची रक्कम मात्र लाल पाकिटातच द्यावी, कारण पांढरे पाकीट अंत्यविधीच्या वेळी देण्याची पद्धत आहे. उलट घानातील अकान समाजात अंत्यविधीलाच लाल आणि काळी वस्त्रे परिधान करतात.

मुलांच्या बाबतीत अडचण बहुधा कागदावर येते. वाढदिवसाच्या निमंत्रणावर मित्रमैत्रिणींची नावे लाल पेनाने लिहिण्यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. पण कोरियन, चिनी आणि जपानी घरांत जिवंत व्यक्तीचे नाव लाल शाईने लिहिणे अशुभ मानतात. जपानमध्ये पती-पत्नींपैकी एकाचे निधन झाले की हयात जोडीदाराचेही नाव थडग्यावर आधीच कोरून ठेवण्याची पद्धत आहे; ते नाव लाल रंगाने भरतात आणि त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर रंग काढून टाकतात. हे ठाऊक असलेल्या माणसाला लाल अक्षरांतील स्वतःचे नाव पाहून काय वाटत असेल, याची कल्पना करावी. आपल्या लग्नपत्रिकेतील लाल छपाई तशीच राहू द्यावी, परंतु पाकिटावर पाहुण्यांची नावे निळ्या किंवा काळ्या शाईने लिहावीत. त्याच जपानमध्ये साठाव्या वाढदिवशी लाल बंडी भेट देतात, म्हणजे एकाच समाजातही लाल रंगाचा एकच एक नियम नसतो.

आता कुंकवाविषयी थोडे सविस्तर. ‘तुझ्या आईच्या कपाळावर रक्त आहे का?’ असा प्रश्न वर्गात आला, तर मुलाला उत्तर देता यावे. पारंपरिक कुंकू हळदीपासून होते. चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी संयोग झाला की हळद लाल होते. घरी ओल्या हळदीत चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ती लालसर होते आणि लिंबाचे थेंब पिळले की पुन्हा पिवळी पडते. मुलाने हा प्रयोग एकदा स्वतः केला, की वर्गात सांगताना तो संकोचणार नाही.

मात्र बाजारात मिळणारी प्रत्येक लाल पूड हळदीची नसते. शेंदूर हा मुळात शिशाचा ऑक्साइड आहे, आणि शिसे असलेल्या अशा पुडींबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्राहकांना सावध केले आहे. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेत व भारतात विकत घेतलेल्या सिंदुराच्या 118 नमुन्यांची तपासणी 2017 साली प्रसिद्ध केली, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत शिसे आढळले. लिंबाने रंग बदलला म्हणजे पुडीत हळद आहे एवढेच कळते. शिसे नाही असे त्यावरून म्हणता येत नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशापासून अपाय होतो आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी मानली जात नाही. म्हणून घटक छापलेले नसतील ती पूड घेऊ नये, रांगत्या मुलाच्या हाती करंडा लागू देऊ नये, आणि कुंकू लावल्यावर हात धुऊन मगच बाळाला भरवावे. अमेरिकेत 2021 पासून मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम ही शिशाची संदर्भ पातळी धरली जाते, म्हणजे त्याहून जास्त शिसे आढळल्यास त्या मुलाकडे विशेष लक्ष दिले जाते; ती सुरक्षित मर्यादा नव्हे. बालरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर घरात कुंकू किंवा शेंदूर वापरला जातो हे आपणहून सांगावे आणि रक्ततपासणीबद्दल विचारावे, कारण तिथल्या डॉक्टरांना ही शंका आपण सांगितल्याशिवाय येईलच असे नाही.