मोर्च्याआधी बजेटचं पुस्तक उघड

विद्यार्थी प्रतिनिधी झालास, अभिनंदन. पण लगेच फलक रंगवायला बसू नकोस. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडतात, तेव्हा मोर्चा नेलास तर आकडे आधीच ठरलेले असतात. विभागांची जुळवाजुळव कितीतरी आधी सुरू होते, म्हणून निवेदन दिवाळीच्या आसपासच पोचलं पाहिजे.

‘शिक्षणावर जीडीपीच्या ६ टक्के खर्च करा’ ही मागणी कोठारी आयोगापासून (१९६४-६६) चालत आलीय, २०२०च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा आहे. मंत्री मान डोलावतात आणि गाडीत बसतात. त्यापेक्षा उच्च व तंत्र शिक्षण विभागाची एकच योजना धर. बजेटच्या पुस्तकात तिच्यापुढे प्रत्यक्ष खर्च, सुधारित अंदाज आणि नव्या वर्षाची तरतूद असे रकाने सापडतील. तरतूद एवढी, खर्च तेवढा, असं फोटोकॉपीवर खुणा करून दाखवलंस की समोरचा अधिकारी सावरून बसतो. (भाषणाने तो सावरत नाही, हे माझं ठाम मत.)

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती अडकली असेल तर अर्ज नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघ. कधीकधी तो कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून असतो आणि आपण मंत्रालयाच्या नावाने शंख करत बसतो.

आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या पीएला तारांकित प्रश्नाचा (म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) एका पानाचा मसुदा दे, तोही अधिवेशनाच्या बराच आधी. आणि कुठेही कागद दिलास तरी आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस.