मुलगा दोन मुलांच्या प्रेमाचा सिनेमा चोरून बघतो, त्याला विचारू का?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. मुलगा दहावीला आहे. रात्री पांघरुणात मोबाईलवर सिनेमा बघत होता, त्यात दोन शाळकरी मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडलेले दिसले, आणि तुमची चाहूल लागताच त्याने मोबाईल उशीखाली सारला. आता ‘तू तसा आहेस का’ असं त्याला सरळ विचारावं का, आणि असले सिनेमे त्याने बघावेत का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी ‘आम्ही नाशिकचे, इथे असं काही बोलायची सोय नाही’ असंही लिहिलंय.

मीही नाशिकचाच. रविवार कारंज्याजवळ वाढलो, आज 45 वर्षांचा आहे. मी समलिंगी आहे आणि ते घरात सगळ्यांना माहीत आहे. माझं उत्तर असं की सिनेमे बघू द्या, आणि तो प्रश्न मात्र विचारू नका. का, ते सांगायचं तर आधी नववीतली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझी शाळा पंचवटीत होती. त्या वर्षी माझी सायकल चोरीला गेली आणि बाबांनी वर्षभर दुसरी घेऊन दिली नाही. म्हणून वर्गातला एक मित्र मला रोज डबलसीट घरी सोडायचा. मी पुढे नळीवर बसायचो. होळकर पुलावर आलं की गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदावरीवरून, वारा यायचा आणि तो मोठ्याने गाणी म्हणायला लागायचा, बेसूर. शाळा सुटायच्या आधीच्या तासाला माझं लक्ष फळ्याकडे नसायचं, त्या पुलाकडे असायचं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात हे तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी आम्ही दोघांनी हात धरून रहाडीत धप्पा मारला. तिथे सगळेच एकमेकांना धरून उड्या मारतात, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही. पुढे आठवडाभर कानामागचा रंग जात नव्हता आणि तो जाऊ नये असं मला वाटत होतं. याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. त्यावाचून काही अडतही नव्हतं.

मग एक दिवस शाळेबाहेरच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, ‘काय रे, जोडी कुठे निघाली?’ सगळे हसले, मित्रही हसला. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही. दुसऱ्या दिवशी मी मित्राला सांगितलं, आता मला बाबा न्यायला येतात. बाबा येत नव्हते. मी गाडगे महाराज पुलावरून, लांबच्या वाटेने पायी घरी जायला लागलो. मित्राने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दहावीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर होतो.

इतकी वर्षं मला वाटायचं की हे फक्त माझ्याच बाबतीत झालं. मग 2022चा ‘क्लोज’ पाहिला, लुकास डॉन्ट या बेल्जियन दिग्दर्शकाचा. लेओ आणि रेमी, दोघं तेरा वर्षांचे. लेओच्या घरची फुलशेती आहे, दोघं फुलांच्या ओळींमधून पळतात, एकमेकांकडे राहायला जातात, शेजारी झोपतात. आपल्याकडे जानोरीच्या बाजूला गुलाबाची शेती बघत मोठी झालेली मुलं आहेत, त्यांना ते शेत अजिबात परकं वाटणार नाही. मग नवी शाळा सुरू होते आणि वर्गातल्या मुली विचारतात, ‘तुम्ही दोघं एकत्र आहात का?’ त्या चिडवतही नाहीत, नुसतं कुतूहल असतं. पण त्या एका प्रश्नानंतर लेओ हळूहळू अंग काढून घेतो. शेजारी टेकायचं टाळतो, आईस हॉकी खेळायला लागतो, थोरामोठ्या मुलांसारखा वागायला बघतो. त्या दोघांमध्ये नेमकं काय होतं, मैत्री की प्रेम, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. मला तेच सर्वांत खरं वाटलं. त्या वयात त्या मुलांनाही ते ठरवायचं नसतं. प्रश्न विचारणारा त्यांना ठरवायला लावतो, आणि घाबरलेलं पोर नेहमी ‘नाही’ असंच ठरवतं.

म्हणून म्हणतो, विचारू नका. तुम्ही कितीही प्रेमाने विचारलंत तरी त्याला ती टपरीच ऐकू येईल.

‘क्लोज’ त्याच्यासोबत इतक्यात लावू नका मात्र. त्यात पुढे एक मुलगा जीव देतो आणि उरलेला अर्धा सिनेमा त्या दुःखाचा आहे. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, सिनेमा मोठाच आहे, पण आधी तुम्ही एकट्याने बघा. आणि मुलगा कधी जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलला तर मात्र मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा. तेव्हा सरळ विचारायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

दुसरा सिनेमा खास आईवडिलांसाठी आहे, असं मी म्हणेन. हिरोकाझू कोरे-एदा यांचा ‘मॉन्स्टर’, 2023चा. जपानमधल्या एका शाळेत काहीतरी बिनसलंय, आणि तेच प्रसंग आधी आईच्या, मग शिक्षकाच्या आणि शेवटी मुलांच्या बाजूने दिसतात. मिनातो आणि योरी पाचवीत आहेत. मिनातोची आई वाईट नाही, उलट मुलासाठी शाळेशी भांडणारी बाई आहे. गाडी चालवता चालवता ती सहज म्हणते की तुझं लग्न होऊन तुझं साधंसं कुटुंब होईपर्यंत मी खंबीर राहीन, तुझ्या बाबांना तसा शब्द दिलाय. आणि मिनातो चालत्या गाडीचं दार उघडून बाहेर उडी टाकतो. पहिल्यांदा बघताना आपणही आईसारखेच चक्रावतो. तिसऱ्या भागात, जंगलात पडून असलेल्या रेल्वेच्या जुन्या डब्यात ती दोन मुलं आपलं वेगळं जग मांडून बसलेली दिसतात, तेव्हा आईचं ते वाक्य आठवतं आणि पोटात खड्डा पडतो. किती साधं वाक्य! ‘तुझ्या लग्नात असं करू, तसं करू’ हे आपण जेवताना दिवसाला दोनदा म्हणतो. पटकथेसाठी युजी साकामोतो यांना कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, तो या अशा जागांसाठीच मिळाला असावा. संगीत र्युइची साकामोतो यांचं आहे, सिनेमासाठी त्यांनी केलेलं शेवटचं.

मराठीत काय आहे, असंही तुम्ही विचारलंय. मुलगा आणि मुलीच्या पहिल्या प्रेमाचं मराठीने इतकं लाड करून लिहिलं आणि दाखवलं आहे की हेवा वाटतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी वाचताना जोशीची घालमेल मला शब्दन् शब्द कळत होती, फक्त माझ्या शिरोडकरच्या जागी कोण होतं ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. दोन शाळकरी मुलांच्या हळव्या प्रेमावर तेवढा मोठा मराठी सिनेमा अजून माझ्या पाहण्यात नाही. जवळचा म्हणाल तर रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. त्यातले दोघं तिशीचे आहेत, पण बालपणापासूनचे ओळखीचे. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, आणि बाळ्या नावाच्या मित्राच्या सोबतीत तो थोडा सैलावतो. बोली आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली, माणसं आपल्यातली. 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक या मराठी सिनेमाने आणलं. त्यातली आई बघा. तिला मुलाबद्दल माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूची आहे. मोठमोठे संवाद न म्हणता ती हे करते.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण घाबरलेले आईवडील पहिल्यांदा डॉक्टर शोधतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील अशा संमतीच्या नात्यांवरचा गुन्ह्याचा डाग पुसला, आणि ‘बरं करून देतो’ म्हणून उपचार करणं हे 2022पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी डॉक्टरचं गैरवर्तन आहे. असं आश्वासन देणारा कोणी भेटला तर तिथून उठून या. शिवाय तुमचा मुलगा समलिंगी असेलच असंही नाही. चांगला सिनेमा कोणालाही आवडतो. तो कोण आहे हे त्याला कळेल तेव्हा कळेल, आणि सांगावंसं वाटलं तर सांगेल. तेवढी वाट बघायची.

आता प्रत्यक्ष काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर ‘द वे ही लुक्स’पासून सुरुवात केली असती. दानियेल रिबेइरो यांचा 2014चा ब्राझीलचा सिनेमा. लिओनार्दो जन्मापासून आंधळा आहे. वर्गात त्याच्या ब्रेल टंकयंत्राच्या खडखडाटावरून मुलं त्याची टर उडवतात. गाब्रिएल नावाचा नवा मुलगा येतो आणि त्याला सिनेमाला घेऊन जातो, पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगत राहतो. चंद्रग्रहण म्हणजे काय ते त्याला दगड हातात देऊन समजावतो. लिओनार्दोला आपण कसे दिसतो हेही ठाऊक नाही, तरी तो प्रेमात पडतो, तेव्हा रूप, नजर, लोक काय म्हणतील, हे सगळं आपोआप गळून पडतं. आणि मुलं चिडवतात त्या प्रसंगात, इतका वेळ गाब्रिएलचं कोपर धरून चालणारा लिओनार्दो हात खाली सरकवून सरळ त्याचा हात धरतो. बस्स, एक शब्दही नाही. मी हे बघताना रडलो. टपरीवर मला जे जमलं नव्हतं ते तो करत होता.

मुलाला ‘तुझ्याशी बोलायचंय’ म्हणून बसवू नका, मुलं त्या वाक्यानेच गोठतात. जेवणं झाली की हॉलमध्ये टीव्हीवर लावा, म्हणा की मला कोणीतरी हा सांगितलाय, बघतोस का. तो उठून गेला तरी बंद करू नका, आतल्या खोलीत आवाज जाऊ द्या. बसलाच तर त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, पडद्याकडे बघा. दीड तासाचाच आहे, साडेनऊला लावला तर अकराच्या आत-बाहेर संपेल. फक्त शेवटी दूध विरजायला वगैरे उठू नका. अगदी शेवटी ते दोघं सायकलवर आहेत, लिओनार्दो पायडल मारतोय आणि गाब्रिएल मागे उभा राहून त्याला वाट सांगतोय.