आईचं वय ६१, गुडघे दुखतात. जिने चढणं बंद करून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या तर हाडं-सांधे टिकतील का?

जिने बंद करू नका. गोळ्यांचं पुढे सांगते. तुमच्या प्रश्नातला ‘बंद करून’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले, कारण आमच्या घरात नेमकं हेच झालं. त्यावरून माझं आणि दादाचं आजही पटत नाही.

बाबा गेल्यावर आई पुण्याला दादाकडे राहायला गेली. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा ती ६७ ची होती. रोज सकाळी ३६ पायऱ्या उतरून देवळात जायची, येताना भाजी आणायची, संध्याकाळी नातवाला क्लासला सोडायला पुन्हा खाली. २०१७ च्या पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा सुजला. दादा तिला दाखवून आला आणि घरात जाहीर केलं, “डॉक्टर म्हणाले, जिने बंद.” बंद म्हणजे बंदच झाले. भाजी वहिनी आणू लागल्या. देवळाच्या जागी टीव्हीवरची आरती आली. भांड्यांना बाई होतीच, पोळ्यांनाही लावली. खालच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीवर आले, म्हणजे वाकायला नको. खिडकीच्या काचेपाशी खुर्ची ठेवली, म्हणजे बसल्या बसल्या ऊन मिळेल. हे सगळं मायेपोटी झालं, यात मला तिळमात्र शंका नाही. दादा तिला पाण्याचा तांब्यासुद्धा भरू द्यायचा नाही.

त्या दिवाळीला मी गेले तेव्हा आई सोफ्यावरून उठताना दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवायची, एकदा मागे-पुढे झोका घ्यायची आणि मग उठायची. पुढच्या दिवाळीला तिला हात देऊन उठवावं लागत होतं. न्हायला घालताना पिंडरीला हात लागला तर नुसती सैल कातडी. वय झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

फेब्रुवारी २०१९. रात्रीचे अडीच. पलंगापासून बाथरूमपर्यंत जेमतेम आठ पावलं, फरशी कोरडी खडखडीत. पाय पायपुसण्यात अडकला आणि तिला सावरताच आलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलावा लागला.

महिनाभराने तिला सांगलीला माझ्याकडे आणायचं ठरलं. तिची बॅग भरताना जुनी फाइल हाती आली. त्यात २०१७ चा तो कागद होता. इंग्रजीत, पण अक्षर वाचता येण्यासारखं. जिने टाळा, १५ दिवस. त्याच्याखाली मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, दिवसातून ३ वेळा. त्याच्याखाली, १५ दिवसांनी पुन्हा दाखवा. सूज आठवड्यात उतरली होती, म्हणून पुन्हा दाखवायला कुणी गेलंच नाही. पंधरा दिवसांची सूचना दीड वर्ष चालली आणि व्यायामाची ओळ कुणी वाचली नाही. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

आपल्याकडे गुडघा दुखला की ‘वंगण संपलं’ म्हणतात आणि वंगण वाचवायला माणसाला खुर्चीत बसवून ठेवतात. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्याच नसतात. स्पंज दाबल्यावर पाणी बाहेर येतं, सोडल्यावर आत शिरतं, तसं पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सांध्यातला द्रव आत ओढते. तिचं जेवण हेच. चालणं बंद म्हणजे तिचं ताट काढून घेणं. हाडांचंही तसंच आहे. ज्या हाडावर भार येतो ते दाट होतं, भार गेला की विरळ होतं. यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने हे १८९२ साली मांडलं. अंतराळवीरांना वर भार नसतो, तर धडधाकट असूनही त्यांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला साधारण एक टक्क्याने घटतं. स्नायू तर सगळ्यांत आधी निघून जातात. निरोगी वयस्कर लोकांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून पाहिलं आहे. पायांवरचं जवळजवळ किलोभर मांस गेलं. दहा दिवसांत! आमच्या आईला तर दीड वर्ष बसवलं होतं.

सांगलीत फिजिओथेरपीची एक मुलगी घरी यायची. माझ्या लेकीपेक्षा लहान, पण आईला ‘आज्जी, आणखी दोनदा’ म्हणायची ते असं ठामपणे की आई निमूट करायची. पहिल्या दिवशी तिने खुर्ची भिंतीला टेकवली, हात छातीशी धरायला लावले आणि आधार न घेता उठायला सांगितलं. आई उठूच शकली नाही. एकदाही नाही. मग खुर्चीवर दोन उशा ठेवल्या आणि उंच बैठकीवरून सुरुवात केली. पंधरा दिवसांनी एक उशी काढली, महिन्याने दुसरी. मी जुन्या साडीच्या पट्टीत अर्धा किलो तांदूळ शिवून घेतले. ती पट्टी घोट्याला बांधायची, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली. अर्ध्याचा एक किलो झाला, एकाचे दोन. ओट्याला धरून टाचा उचलणं, मग एका पायावर उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे व्यायाम, मधले दिवस फक्त चालणं, कारण स्नायू भरून यायला मधला दिवस लागतो.

जिना मेच्या सुरुवातीला केला. चढताना धड पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्याला, मी एक पायरी खाली. जूनमध्ये ती गच्चीवर पोचली, १४ पायऱ्या. शेजारणीच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. आईने एक उचलून पाहिली, म्हणाली, “चीक कमी शिजवलाय.” मला तिथेच रडू फुटलं.

जेवणाचा हिशेब मला आधीच करायला हवा होता. सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी पोळी नि भाजी, रात्री दूधभात. आई माळकरी, अंडं-मांस नाही. ४८ किलोच्या बाईला या वयात किलोमागे एक ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, म्हणजे पन्नासच्या आसपास. तिला पंचवीसही मिळत नव्हती. आम्ही दोन वेळा वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, ताकाचा मोठा पेला, पनीर, दुपारी मूठभर फुटाणे असं सुरू केलं. व्यायाम करून पोटात डाळ नसेल तर मांस येणार कुठून?

यावर आमच्या नात्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, आजीने जन्मभर जातं ओढलं, विहिरीचं पाणी वाहिलं, तिला कधी काही झालं नाही. झालं होतं. सत्तरीत आजी कमरेतून इतकी वाकली होती की चालताना तिला जमीनच दिसायची. त्याला आम्ही ‘पोक आलं’ म्हणायचो. म्हाताऱ्या बायकांची अशी वाकलेली पाठ म्हणजे अनेकदा मणके आतल्या आत चेपून मोडलेले असतात, आवाज न करता. सात बाळंतपणं आणि दूधदुभतं पुरुषांच्या ताटात. नुसत्या कष्टांनी हाड होत नाही.

आता दादा. पुतण्याच्या लग्नात, पंगतीत, सगळ्यांदेखत तो म्हणाला, “साठ वर्षं राबली ती. शेवटी तू पण तिला राबवलंसच.” मी तिथे काही बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. राबणं म्हणजे थकलं तरी थांबायची मुभा नसणं, दुसऱ्याची भूक आधी भागवणं. आईने केलं ते मोजून, तिच्या स्वतःच्या पायांसाठी केलं आणि थांबायचं असेल तेव्हा थांबली. “या वयात?” हेही त्याने विचारलं होतं. १९९० साली अमेरिकेत मारिया फियातारोने या संशोधक डॉक्टरांनी नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. या वयात उशीर होतो असं मानणाऱ्याने हे वाचावं, आणि आई तेव्हा सत्तरचीही नव्हती. म्हाताऱ्या माणसाला तांब्या उचलू न देणं ही सेवा आहे असं मी आता कधीच मानणार नाही.

तुमच्या गोळ्यांकडे येते. आपल्या देशाच्या २०२० च्या आहारशिफारशींप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या बाईला १२००. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास, शिवाय दही, तीळ, राजगिऱ्याची भाजी. पालकात असतं पण अंगी लागत नाही. जेवणातून मोजा, कमी पडेल तेवढंच गोळीने भरा. भार नसलेल्या हाडात नुसती गोळी घालणं म्हणजे गवंडी नसताना विटांची गाडी रिकामी करणं. आईला पुण्यात दीड वर्ष गोळी रोज चालू होती, हे ध्यानात घ्या.

ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आईचं ९ (नॅनोग्रॅम/मिलि) आलं होतं, निदान २० तरी हवं. काचेतून आलेल्या उन्हाने ते तयार होत नाही, लागणारी किरणं काच अडवते. म्हणजे ती खिडकीतली खुर्ची फुकटच गेली. उघड्यावर, दुपारच्या आगेमागे, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसायला हवं. ६०,००० युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. आमच्या ओळखीतली माणसं ती वर्षभर दर रविवारी दुधात घालून पितात. जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

आणि आईला विचारा, पाळी कधी गेली? पिशवी काढली आहे का, आणि बरोबर अंडाशयंही काढली का? आपल्याकडे चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका घरोघरी आहेत. अंडाशयं गेली की हाडांची घट त्याच दिवसापासून लागते. तसं असेल, किंवा स्टेरॉइड बराच काळ घेतलं असेल, किंवा साध्या पडण्याने मनगट मोडून झालं असेल, तर डेक्सा, म्हणजे हाडं किती दाट आहेत ते मोजणारी तपासणी, एरवी पासष्टीला करतात तेवढी वाट न बघता करून घ्या. आईची डेक्सा हाड मोडल्यावर झाली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ठिसूळपणा धरतात. ही तपासणी आधी करायचं दादाला सुचलं नाही, तसं मलाही सुचलं नाही.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. पायपुसणी आजच उचला, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, रात्री मंद दिवा ठेवा, मोतीबिंदू पिकलाय का बघा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उठल्यावर गरगरतं का, तेही विचारा.

हे आधी लिहायला हवं होतं: गुडघा गरम, लाल, सुजलेला असेल, ताप असेल, मध्येच अडकून बसत असेल किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखत असेल, तर व्यायाम थांबवा आणि आधी दाखवा. उंची दोन-तीन बोटं घटली असेल तर वाकून वजन उचलायला लावू नका, मणका जाऊ शकतो. मूतखडा होऊन गेला असेल तर कॅल्शियमची गोळी विचारून घ्या. ठिसूळपणा निघालाच तर व्यायामावर भागत नाही. आईला वर्षातून एकदा शिरेतून औषध देतात, त्याआधी दात तपासून घेतात, आणि ते मी एकदाही चुकवलेलं नाही. सूज असताना थोडे दिवस जिने टाळणंही बरोबरच आहे. फक्त पंधरावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उद्या सकाळी आईला खुर्चीत बसवा. खुर्ची भिंतीला टेकलेली, हात छातीशी, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर पाय वयाच्या मानाने कमजोर आहेत. आकडा इथे खाली लिहा. माझ्या आईने पंच्याहत्तरी ओलांडली आहे, तिचा परवाचा ११ आहे.