वाचकांचे प्रश्न : वॉशिंग पंपाच्या क्रँककेसमध्ये कोणते ऑइल घालावे?

प्रश्न (बार्शी, जि. सोलापूर) : आमच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर तीन प्लंजरचा (पाणी ढकलणाऱ्या दांड्यांचा), पट्ट्यावर चालणारा हाय प्रेशर पंप आहे. तो जुना घेतल्यामुळे त्याचे माहितीपुस्तक मिळाले नाही. आमचा फिटर म्हणतो, गाडीत घालतो तेच २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला. ऑइलचा दुकानदार ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल सुचवतो, तर ज्यांच्याकडून पंप घेतला ते 'साधे ३० नंबर' म्हणतात. यांपैकी बरोबर कोण?

उत्तर : फिटरचे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. इंजिनात क्रँक आहे आणि पंपातही आहे, मग ऑइल वेगळे कशाला? परंतु इंजिनात इंधन जळून काजळी तयार होते आणि ती धातूवर थापली जाऊ नये म्हणून इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट मिसळलेले असतात. हे घटक काजळी ऑइलमध्ये तरंगत ठेवतात आणि तिच्यातला अडवण्याजोगा भाग फिल्टर अडवतो. आपल्या पंपाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या ऑइलच्या पेटीत, काही जळत नाही, तेथे फिल्टर नसतो आणि ऑइल दाबाने खेळवणारी यंत्रणाही बहुधा नसते. फिरता क्रँक आणि कनेक्टिंग रॉड तळाच्या ऑइलला फटकारतात आणि त्या उडालेल्या शिंतोड्यांवरच बेअरिंगांचे वंगण भागते. काजळीची भीती तेथे नाही. भीती आहे ती पाण्याची, कारण प्लंजरच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर पाण्याचा हेड, म्हणजे पाणी दाबले जाते तो भाग, आहे. काजळी तरंगत ठेवणारे डिटर्जंट शिरलेल्या पाण्याचे थेंबही तसेच तरंगत ठेवते आणि हे मिश्रण सतत बेअरिंगमधून फिरत राहते. डिटर्जंट नसलेल्या ऑइलमध्ये पंप रात्रभर उभा राहिला की बरेचसे पाणी तळाशी बसते आणि ड्रेन प्लग सैल केल्यावर आधी तेच बाहेर येते.

म्हणून दुकानदार आणि विक्रेता दोघेही योग्य दिशेने बोलत आहेत. मात्र ते एकच वस्तू सांगत नाहीत. हायड्रॉलिक ऑइलवरचा ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा ६८ सेंटिस्टोक असल्याचे सांगतो. इंजिन ऑइलचा ३० हा एसएई या वेगळ्या मोजपट्टीवरचा आकडा आहे आणि त्याच ४० अंशांना एसएई ३० ऑइल साधारण १०० सेंटिस्टोकच्या आसपास भरते, म्हणजे आकडा लहान असूनही ते ६८ पेक्षा दाट असते. फिटरचे २०डब्ल्यू-४० तर ६८ च्या जवळपास दुप्पट दाट. पंप बनवणाऱ्यांतही एकमत नाही. कोणी झीजरोधक हायड्रॉलिक ६८ सांगतो, कोणी डिटर्जंटविरहित एसएई ३०, आणि काही लहान यंत्रांसाठी तर कंपनीच १५डब्ल्यू-४० हे इंजिन ऑइल सांगते. अशा यंत्रात कंपनीचे म्हणणे डावलून आमचे ऐकू नये. त्यामुळे प्रथम पंपाच्या अंगावरील नावाच्या पट्टीवरून कंपनी आणि मॉडेल पाहून त्याचे पुस्तक मिळवावे. बहुतेक कंपन्यांची पुस्तके इंटरनेटवर असतात.

नावाची पट्टीच झिजून गेली असेल, तर तीन प्लंजरच्या अशा पंपासाठी आमचा कल एचएलपी ६८ या झीजरोधक हायड्रॉलिक ऑइलकडे राहील. ते सर्वत्र मिळते, त्यात झीज, गंज आणि फेस यांना आवर घालणारे घटक असतात आणि ते पाण्याला सहसा धरून ठेवत नाही. खरेदी करताना बादलीवरची अक्षरे नीट वाचावीत. 'एचएलपी' नंतर आणखी एक 'डी' असेल, तर ते डिटर्जंट मिसळलेले हायड्रॉलिक ऑइल आहे आणि ते मुद्दाम पाणी सामावून घेण्यासाठीच बनवलेले असते. ते आपल्या कामाचे नाही. 'साधे ३० नंबर' घ्यायचे ठरवल्यासही हीच खबरदारी घ्यावी. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात त्या नावाने मिळणारे ऑइल बहुधा इंजिनासाठीचेच असते. डब्यावर एपीआय (इंजिन ऑइलचा दर्जा सांगणारी खूण) आणि पुढे सीएफ किंवा एसएफ यांसारखी अक्षरे दिसली, तर त्यात डिटर्जंट आहे असे खुशाल समजावे.

सध्या पंपात कोणते ऑइल आहे हे माहीत नसल्यामुळे त्यावरच नवे ओतू नये. पंप थोडा वेळ चालवून, ऑइल कोमट असताना पूर्ण काढावे. नव्या ऑइलपैकी थोडे घालून, पंप हाताने फिरवून तेही काढून टाकावे आणि मग भरावे. या आकाराच्या पंपाला ऑइल लागते थोडेच, त्यामुळे यात काटकसर करण्यासारखे काही नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यात आमच्या पंपातील ऑइल दर काही आठवड्यांनी ताकासारखे पांढरे होते. अधिक दाट ऑइल घातल्यास हे थांबेल काय?

उत्तर : थांबणार नाही. पाणी कोठून येते हे शोधल्याखेरीज कोणतेही ऑइल टिकणार नाही. कोकणातील दमट हवेत दिवसभर तापलेला क्रँककेस रात्री थंड होताना ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) ओलसर हवा आत ओढतो आणि आतल्या भिंतींवर दव धरते. परंतु एवढ्याने ऑइल क्वचितच पूर्ण पांढरे होते. दुसरे कारण मानवी आहे. दिवसाचे काम संपल्यावर मुले त्याच गनने पंपही धुऊन काढतात आणि जोराचा फवारा ब्रीदर, डिपस्टिक किंवा क्रँकच्या ऑइल सीलवर बसतो. पंपावर पत्र्याचे आवरण बसवावे आणि तो फडक्याने पुसावा.

तिसरे आणि सर्वांत संभाव्य कारण सीलचे आहे. क्रँककेस आणि पाण्याचा हेड यांच्यामध्ये बहुतेक पंपांत उघडी जागा असते. पंप चालू असताना, हात न घालता, टॉर्चच्या प्रकाशात तेथे पाहावे. पाणी ठिबकत असेल तर वॉटर सील गेले आहे. ऑइल ठिबकत असेल तर ऑइल सील. अनेक पंपांत प्लंजरच्या दांड्यावर रबराची एक लहान चकती असते. दांड्यावरून सरकत येणारे पाणी ऑइल सीलपर्यंत पोहोचण्याआधी तिने बाहेर झटकावे, एवढेच तिचे काम. सील बदलताना ही चकती हरवते किंवा फाटलेलीच पुन्हा बसवली जाते, आणि मग नवे सील असूनही ऑइल पांढरे होते. मागच्या दुरुस्तीत ती बसवली होती का, हे फिटरला जरूर विचारावे. प्लंजरच्या सिरॅमिकवर ओरखडा किंवा चीर असेल तर तीही नव्या सीलला फार काळ टिकू देत नाही.

ऑइल किती बिघडले आहे हे पाहण्यासाठी काचेच्या पारदर्शक बाटलीत थोडे काढून रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी तळाशी वेगळे दिसले, तर ऑइलची पाणी सोडण्याची शक्ती अजून शिल्लक आहे. ते तसेच पांढरे राहिले, तर एक तर ऑइल डिटर्जंटयुक्त आहे किंवा पाणी प्रमाणाबाहेर शिरले आहे. दोन्ही प्रसंगी ते काढून टाकावे, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलवर पंप चालवल्यास बेअरिंगना गंज धरतो. बाटलीच्या तळाशी पितळी चमक दिसल्यास मात्र पंप उघडावाच लागेल.

प्रश्न (चंद्रपूर) : उन्हाळ्यात ऑइल पाण्यासारखे पातळ होते. ९० नंबरचे गिअर ऑइल चालेल का?

उत्तर : पुस्तकात तसे लिहिले असेल तरच. हे ऑइल ६८ पेक्षा खूपच दाट असल्यामुळे शिंतोड्यांवर चालणाऱ्या पंपात ते सर्व जागी वेळेवर पोहोचत नाही आणि घुसळले जाऊन अधिक तापते. शिवाय अतिदाबाच्या गिअर ऑइलमधील गंधकयुक्त घटक तापल्यावर पितळ आणि काशाला खाऊ शकतात, आणि काही पंपांचे कनेक्टिंग रॉड काशाचे असतात. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात पंप तासन्‌तास चालत असेल, तर त्याच जातीच्या हायड्रॉलिक ऑइलमधील १०० नंबर कंपनीला विचारून घालावे. पंपावर सावली करणे आणि पट्टा प्रमाणाबाहेर ताणलेला नाही ना हे पाहणे त्याआधी करावे, कारण अतिताणामुळे बेअरिंग तापते आणि दोष ऑइलला दिला जातो.

प्रश्न (इचलकरंजी) : ऑइल किती भरावे आणि केव्हा बदलावे? काढलेल्या ऑइलचे काय करावे?

उत्तर : पंप बंद आणि सपाट जागी असताना गेज ग्लासच्या (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या) मध्यापर्यंत भरावे. जास्त भरल्यास फेस होतो आणि सील गळू लागते. नव्या पंपाचे ऑइल पहिल्या ५० तासांनंतर आणि पुढे दर ५०० तासांनी किंवा तीन महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे अनेक कंपन्या सांगतात. हे तास पंप प्रत्यक्ष चालल्याचे आहेत, सेंटर उघडे असल्याचे नव्हेत; मोटरला तासांचा मीटर बसवला तर अंदाज बांधत बसावे लागत नाही. पांढरे झालेल्या ऑइलला हे वेळापत्रक लागू नाही, ते त्याच दिवशी बदलावे. काढलेले ऑइल गटारात किंवा धुण्याच्या रॅम्पवर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल मोडते. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.